'गुप्तरोग' या शब्दाच्या आड : लैंगिक संसर्ग, लैंगिक आरोग्य आणि वऱ्हाडातील महाविद्यालयीन अध्यापक

प्रास्ताविक

अमरावती-अकोला मार्गावर प्रवास करणाऱ्यास भिंतींवर रंगविलेला 'गुप्तरोग' हा शब्द नवा नाही. त्याच्याखाली एखाद्या दवाखान्याचा पत्ता आणि खात्रीशीर इलाजाचे आश्वासन असते. आपले विद्यार्थी रोज याच भिंतींसमोरून महाविद्यालयात येतात. लैंगिक आजारांविषयी त्यांच्या दृष्टीस पडणारा सर्वांत ठळक मराठी मजकूर हाच असावा, ही गोष्ट अध्यापक म्हणून आपण फारशी मनावर घेतलेली नाही.

प्रस्तुत लेखात लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग कोणते, ते शरीरात कसे वागतात, त्यांच्यापासून बचाव कसा होतो आणि वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकाने यासंबंधी किमान काय जाणून घेतले पाहिजे, याचा विचार केला आहे. प्रस्तुत लेखिका समाजशास्त्राची अध्यापक आहे, वैद्यकाची अधिकारी नाही. म्हणून औषधांची नावे आवश्यक तेथेच दिली आहेत आणि त्यांची मात्रा कोठेही दिलेली नाही.

लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. यांपैकी बहुतेक आजारांवर आज औषध किंवा लस किंवा किमान प्रभावी नियंत्रण उपलब्ध आहे. तरीही माणसे वंध्यत्व, कर्करोग, नवजात बालकांचे मृत्यू अशी मोठी किंमत मोजतात. कारण संसर्ग झाल्यापासून तो डॉक्टरांपुढे उच्चारला जाईपर्यंतचा काळ फार लांबतो. हा काळ दोन कारणांनी लांबतो. पुष्कळदा संसर्ग स्वतःच मुका असतो, त्याची लक्षणे दिसत नाहीत. आणि जेव्हा दिसतात तेव्हा रुग्ण मुका होतो. पहिल्या कारणावर तपासणी हा उपाय आहे. दुसऱ्याचा संबंध मात्र थेट शिक्षणाशी आहे.

नावांचा इतिहास

या आजारांना दिलेली नावे पाहिली तरी समाजाची वृत्ती ध्यानात येते. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' या ग्रंथात सिफिलिसचे वर्णन 'फिरंगरोग' या नावाने केले. पोर्तुगीजांच्या संपर्कातून आलेला रोग म्हणून हे नाव. त्याच रोगास इटलीतील लोक फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत. रोग नेहमी शेजाऱ्याचा असतो! मराठीत सिफिलिसला 'गरमी' आणि गोनोरियाला 'परमा' म्हणत. हे शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून आहेत. तरुणांना ते ठाऊक नसतात आणि त्यांच्या जागी दुसरे मराठी शब्दही मिळालेले नाहीत.

इंग्रजी राजवटीने रोगाचे खापर स्त्रीवर फोडले. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होत असे. त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकांवर तशी सक्ती नव्हती. हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, परंतु रोग 'तसल्या बाईपासून' येतो ही समजूत कायद्याबरोबर गेली नाही.

अलीकडे वैद्यकाने 'रोग' हा शब्द मागे घेऊन 'संसर्ग' हा शब्द स्वीकारला. यामागे केवळ सौजन्य नाही. रोग म्हटले की लक्षण अभिप्रेत असते, आणि येथे अडचण नेमकी हीच आहे की लक्षण नसतानाही संसर्ग असतो व तो दुसऱ्यास देताही येतो.

एका गणिताच्या प्राध्यापकाची गोष्ट

महाराष्ट्रात या विषयावर स्पष्टपणे लिहिण्याचे काम प्रथम ज्यांनी चिकाटीने केले ते र. धों. कर्वे (१८८२–१९५३) हे डॉक्टर नव्हते. ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले, म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. महाविद्यालयाला मात्र आपल्या प्राध्यापकाचे हे कार्य मानवले नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत, सव्वीस वर्षे, पदरमोड करून चालविले. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे त्यांचे पुस्तक प्रस्तुत विषयावरीलच आहे.

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात आक्षेप होता तो मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका न्यायालयाने मान्य केली नाही आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

हा इतिहास येथे देण्याचे कारण आहे. कर्व्यांचे गर्भनिरोधनावरील विचार आज सरकारी धोरण झाले आहेत. रोगप्रतिबंधाविषयी ते जे सांगत होते, तेही आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांवर छापले जाते. तथापि ज्या गोष्टीसाठी त्यांना शिक्षा झाली, म्हणजे तरुणाने विचारलेल्या प्रश्नास सरळ उत्तर देणे, ती गोष्ट आपल्या वर्गांत अजूनही सुरू झालेली नाही. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम शाळांत येऊ घातला तेव्हा ज्या राज्यांनी त्यास मनाई केली त्यांत महाराष्ट्रही होता. त्या वर्षी शाळेत असलेली मुले आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांतील काही आपले सहकारी अध्यापक आहेत.

संसर्ग शरीरात कसा वागतो

लैंगिक संबंधांतून पसरू शकणारे जिवाणू, विषाणू व परजीवी तीसहून अधिक आहेत. त्यांपैकी आठांचा प्रादुर्भाव सर्वाधिक मानला जातो. सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास हे चार औषधाने पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी, हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही हे चार विषाणूजन्य आहेत. त्यांना औषधाने शरीरातून समूळ काढता येत नाही. मात्र त्यांतील दोहोंवर लस आहे आणि इतर दोहोंवर परिणामकारक उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात पहिल्या चार संसर्गांची ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे घडली. दिवसाला दहा लाखांहून अधिक असा हा हिशेब आहे.

सिफिलिसचे उदाहरण विस्ताराने घेण्यासारखे आहे, कारण भिंतीवरील जाहिरातींचा व्यवसाय कसा चालतो हे त्यावरून उमगते. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वारापाशी किंवा तोंडात एक व्रण उठतो. तो दुखत नाही. स्त्रीच्या बाबतीत तो आतील बाजूस असल्यास दिसतही नाही. काहीही उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. या अवधीत रुग्णाने जे काही घेतले असेल, मग ते चूर्ण असो, मलम असो वा अंगारा असो, त्याला यशाचे श्रेय मिळते. रोग मात्र रक्तात गेलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे पुरळ, ताप, केस गळणे अशी दुसरी अवस्था येते. तीही आपोआप ओसरते. त्यानंतर कित्येक वर्षे शांततेची जातात आणि काही रुग्णांमध्ये हृदय, मेंदू व मज्जारज्जू यांवर आघात होतो. शांततेच्या या काळात स्त्री गर्भवती राहिली तर गर्भपात, मृत बालकाचा जन्म किंवा जन्मजात सिफिलिस संभवतो.

या रोगाचा जंतू १९०५ मध्ये जर्मनीत शाउडिन व हॉफमन यांनी शोधला, पुढील वर्षी रक्ततपासणी आली आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने तो बरा होतो हे सिद्ध झाले. आज ऐंशी वर्षांनंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद देतो. प्रारंभीच्या अवस्थेत दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे योग्य इंजेक्शन पुरेसे होते. इतका स्वस्त उपाय असलेल्या रोगाने अद्याप बालके दगावतात, यात वैद्यकाचा दोष थोडा आहे.

गोनोरियाची कथा उलट आहे. त्याच्या जंतूने सल्फा, पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी एकेक औषधे निष्प्रभ करून टाकली आहेत. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या आणून जळजळ थांबली की बाकीच्या टाकून देणे, ही सवय त्यास हातभार लावते. पुरुषांत या संसर्गाने लघवीला जळजळ व पू येणे अशी ठळक लक्षणे दिसतात, म्हणून ते निदान औषध तरी शोधतात. स्त्रियांमध्ये ती पुष्कळदा नसतात.

क्लॅमिडिया हा सर्वांत मुका संसर्ग होय. सुमारे सत्तर टक्के स्त्रियांत आणि निम्म्या पुरुषांत त्याची लक्षणेच आढळत नाहीत. तो गर्भाशयमुखातून वर सरकून गर्भनलिकांना सूज आणतो. त्या आतून चिकटतात. परिणामी गर्भ नलिकेतच राहणे किंवा मूल न होणे हे प्रसंग ओढवतात. आपल्याकडे याचा पुढील अंक ठरलेला आहे. लग्नाला तीन-चार वर्षे झाली की सुनेच्या तपासण्या, नवस, उपास सुरू होतात. पतीची तपासणी अखेरीस, तीही झाली तर. संसर्ग कोणाकडून आला हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण संसर्ग होता हेच कोणास ठाऊक नसते.

यावरून उपचाराचे एक साधे तत्त्व निघते. जोडीदारांपैकी एकानेच औषध घेतले तर संसर्ग परत येतो. दोघांचा उपचार एकाच वेळी झाला पाहिजे आणि तो पूर्ण होईतो संबंध टाळले पाहिजेत. डॉक्टर हे सांगतात. पण 'घरच्यांना कसे सांगू' या प्रश्नापाशी पुष्कळांचा उपचार अडतो.

निरोधाच्या योग्य वापराने एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया यांपासून चांगला बचाव होतो. हर्पिस, सिफिलिस व एचपीव्ही यांचे व्रण वा विषाणू निरोधाने न झाकलेल्या त्वचेवरही असू शकतात, म्हणून तेथे बचाव अंशतः होतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटतो, ही बाब वेष्टनावर असली तरी सहसा वाचली जात नाही. गर्भनिरोधक गोळ्या गर्भधारणा टाळतात, संसर्ग टाळत नाहीत. हा फरक पदवीच्या विद्यार्थ्यांनाही स्पष्ट असतोच असे नाही.

हिपॅटायटिस बीच्या लसीबद्दल एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. ही लस राष्ट्रीय लसीकरणात २००२ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि देशभर २०११ मध्ये लागू झाली. म्हणजे आज पदवी वर्गात असलेल्या अनेकांना, आणि आपणा बहुतेक अध्यापकांना, ती लहानपणी मिळालेली नसण्याचा संभव आहे. प्रौढपणीही ती घेता येते.

गडचिरोली आणि उस्मानाबाद : दोन अभ्यास

स्त्रियांच्या मौनाचे मोजमाप झाले ते विदर्भातच. गडचिरोली जिल्ह्यातील वासा व अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक असा एक तरी आजार आढळला. प्रत्येकीमागे सरासरी ३.६ आजार होते. त्यांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. यापूर्वी तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. आणखी एक आकडा विचार करावयास लावणारा आहे. ४५ टक्के स्त्रियांची कोणतीही तक्रार नव्हती.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक दक्षता घ्यावी लागते. जननमार्गाचा प्रत्येक संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला नसतो. बुरशीचा संसर्ग किंवा योनीतील जिवाणूंचे संतुलन बिघडणे ही पांढरे जाण्याची सर्वसामान्य कारणे आहेत आणि ती अविवाहित मुलीतही उद्भवतात. थोडा पारदर्शक स्राव तर निसर्गतः असतोच. 'अंगावरून पांढरे जाते' असे सांगणाऱ्या मुलीच्या चारित्र्याविषयी शंका घेणे हे अज्ञान आहे, आणि या शंकेच्या भयानेच ती वसतिगृहाच्या अधीक्षिकेपाशीसुद्धा काही बोलत नाही. शासनाच्या रुग्णालयांतून २००७ नंतर लक्षणांवरून उपचाराची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात लक्षणसमूहानुसार करड्या, हिरव्या, पांढऱ्या, लाल अशा रंगांचे औषधसंच ठरविण्यात आले. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत उपयुक्त ठरली. परंतु लक्षण नसलेली स्त्री तिच्या कक्षेबाहेरच राहते.

दुसरा अभ्यास तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू आहे. बहुतेक माणसांत तो एक-दोन वर्षांत नाहीसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांत टिकून राहतो त्यांना पंधरा-वीस वर्षांनी कर्करोगाचा धोका असतो. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटास एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ करण्यात आली, त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले. तुलनेसाठी एका गटास तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो वाद रास्त होता. निष्कर्षाचे मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग होतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही एचपीव्ही लस जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाली. लसीचा सर्वाधिक लाभ ९ ते १४ या वयात, म्हणजे लैंगिक जीवन सुरू होण्यापूर्वी होतो. परंतु २६ वर्षांपर्यंतही ती घेता येते. आपल्या विद्यार्थिनी या वयोमर्यादेत आहेत. तिशी ओलांडलेल्या प्राध्यापिकांसाठी तपासणीचा मुद्दा थेट लागू आहे. विद्यार्थिनींना सांगण्यापूर्वी आपण स्वतः ती करून घेतली आहे का, असे स्टाफरूममध्ये एकमेकींना विचारावयास हरकत नसावी.

एचआयव्हीविषयी

एचआयव्हीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे फक्त बदललेल्या गोष्टी नमूद करतो. भारतातील पहिली प्रकरणे १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व सहकाऱ्यांनी उजेडात आणली, त्या वेळी उपचार नव्हता. १ एप्रिल २००४ पासून शासन विषाणूरोधक औषधे विनामूल्य देऊ लागले. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका घटला तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता निर्विवाद आहे. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, सुमारे ३ लाख ९४ हजार होता. माहितीची स्थिती मात्र निराशाजनक आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीसंबंधी सर्वंकष ज्ञान असलेल्या स्त्रिया २१.६ टक्के व पुरुष ३०.७ टक्के होते.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. तो अध्यापकाने वाचलाच पाहिजे. संमतीविना तपासणी करता येत नाही, कोणाची बाधा उघड करता येत नाही, आणि त्या कारणाने शिक्षणसंस्थेत प्रवेश वा सुविधा नाकारता येत नाही. त्याच महिन्यात, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरविणारी कलम ३७७ मधील तरतूद रद्दबातल केली. डॉक्टरांपुढे खरे बोलण्याची भीती असलेल्या एका विद्यार्थिवर्गासाठी या निर्णयाचे आरोग्यदृष्ट्या मोल मोठे आहे.

महामार्ग अमरावती, मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर असा जातो म्हणून आपल्याकडे एचआयव्हीचा विषय निघाला की ट्रकचालकांवर येऊन थांबतो. फिरंगरोगाच्या काळातील शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचीच ही सवय आहे.

निष्कारण भीतीचा धंदा

अज्ञानाची दुसरी बाजू म्हणजे नसलेल्या रोगाची भीती. झोपेत वीर्यस्खलन होणे किंवा हस्तमैथुन यांमुळे 'धात जाते', अंग वाळते, पुढे लग्न निभत नाही अशी धास्ती घेतलेले तरुण आपल्या वर्गांत असतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. न. ना. विग यांनी १९६० मध्ये या चिंताविकारास 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. यात शरीराला अपाय काहीच नसतो. मनस्ताप मात्र खरा असतो. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासातून लक्ष उडालेल्या एखाद्या मुलाचे कारण हेही असू शकते. भिंतीवरील दवाखान्यांचे उत्पन्न खऱ्या रुग्णांपेक्षा या घाबरलेल्या निरोगी मुलांवर अधिक चालत असावे, असा प्रस्तुत लेखिकेचा तर्क आहे. विशेष म्हणजे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यान्वये लैंगिक रोग बरे करण्याच्या अशा जाहिराती निषिद्ध आहेत. महाविद्यालयाच्या कुंपणावर ती रंगविलेली असेल तर पुसून टाकण्यास प्राचार्यांना कायद्याचा पूर्ण आधार आहे.

वऱ्हाडात कोठे जावे आणि अध्यापकाने काय करावे

जिल्हा रुग्णालये व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे लैंगिक संसर्गाच्या विनामूल्य उपचारासाठी 'सुरक्षा क्लिनिक' आणि एचआयव्हीसाठी समुपदेशन व चाचणी केंद्र अशी व्यवस्था राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात केलेली आहे. अमरावतीत लोक ज्यांना इर्विन व डफरीन या जुन्या नावांनी ओळखतात ती रुग्णालये, अकोल्यात सर्वोपचार व स्त्रियांसाठी लेडी हार्डिंग, ही आपल्या विद्यार्थ्यांना परिचित ठिकाणे आहेत. १० ते १९ वयोगटासाठी २०१४ पासूनच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील 'मैत्री' क्लिनिक आहेत. १०९७ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. मेळघाटातून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र सुटीत गावी गेल्यावर हे सहज साध्य नसते. धारणीहून अमरावतीस यावयाचे तर दिवस मोडतो. म्हणून तो शहरात शिकत असतानाच त्याला हा रस्ता दाखविणे इष्ट.

शंका असल्यास तपासणी केव्हा करावी हेही सांगावे लागते. संसर्ग झाल्या दिवशी तपासणी काहीच दाखवीत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत काही आठवडे जावे लागतात आणि चाचणीच्या प्रकारानुसार तीन महिन्यांनी ती पुन्हा करण्याचा सल्ला मिळू शकतो. याला एक अपवाद आहे. लैंगिक अत्याचार झाला असल्यास थांबू नये. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू झाली तरच उपयोगी पडतात.

अध्यापकापुढील सर्वांत अवघड प्रश्न गोपनीयतेचा आहे. विद्यार्थी 'कोणास सांगू नका' अशी अट घालतो आणि आपण सहज वचन देतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीशी झालेला लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि त्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आपल्या अनेक महाविद्यालयांना कनिष्ठ विभाग जोडलेला आहे. तेथील मुले सोळा-सतरा वर्षांची असतात. अशा विद्यार्थ्याला प्रथम निरपवाद वचन देऊन नंतर ते मोडण्यापेक्षा, आपण काय गुप्त ठेवू शकतो आणि काय नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे प्रामाणिकपणाचे होय. कायद्याच्या या तरतुदीमुळे अल्पवयीन मुले उपचारापासून दूर राहतात ही टीका प्रस्तुत लेखिकेस पटते. तथापि तरतूद आहे तोवर तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र पालकांना कळविण्याचा अधिकार आपणास नाही, मग तो आपल्या ओळखीच्या घरातला असला तरी. जिल्ह्याच्या ठिकाणी सगळे सगळ्यांच्या ओळखीचे असतात, हीच येथील मोठी अडचण आहे. विद्यार्थ्याला आपल्या परिचयातील डॉक्टरांकडे पाठवावे की अपरिचित, हे त्यालाच विचारावे.

रेड रिबन क्लब कित्येक महाविद्यालयांत कागदावर आहेत आणि १ डिसेंबरच्या प्रभातफेरीपुरते जिवंत होतात. त्यांच्यामार्फत वर्षातून दोनदा स्त्रीरोगतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ यांना बोलावता येईल. भाषण वीस मिनिटांपेक्षा अधिक नसावे. उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा. प्रश्न तोंडी विचारले जात नाहीत, हे गृहीत धरून कोऱ्या चिठ्ठ्या सर्वांना वाटाव्यात. सर्वांनी काहीतरी लिहावे, ज्यास प्रश्न नसेल त्याने 'प्रश्न नाही' असे लिहावे, म्हणजे कोण लिहितो याकडे कोणी पाहणार नाही. मुलामुलींच्या चिठ्ठ्या एकाच पेटीत घ्याव्यात. हस्ताक्षर ओळखू येणाऱ्या अध्यापकाने त्या वाचू नयेत, डॉक्टरांनीच वाचाव्यात. आणि कार्यक्रम संपल्यावर त्या अहवालास जोडण्यासाठी न ठेवता तेथेच नष्ट कराव्यात.